सिग्नलला कोण दिसतं?

१९२८ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात चार्ल्स ॲडलर नावाच्या संशोधकाने एक अजब सिग्नल बसवला. आडरस्त्याने आलेल्या गाडीने चौकाशी थांबायचं आणि हॉर्न वाजवायचा. खांबावरच्या मायक्रोफोनला तो ऐकू गेला की मुख्य रस्त्याचा दिवा लाल आणि आडरस्त्याचा हिरवा. वाहन आलंय हे ओळखून दिवा बदलणाऱ्या पहिल्यावहिल्या सिग्नलांपैकी हा एक. धुळ्याच्या पारोळा रोड चौफुलीवर तो बसवला असता तर चारही बाजूंची फर्माइश एकदम ऐकून पहिल्याच दिवशी जळून गेला असता. याच्या बरोबर उलटा प्रयोग मुंबई पोलिसांनी केला आणि २०२० च्या जानेवारीअखेर त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. खांबावर आवाज मोजणारं यंत्र लावलेलं. लाल दिव्याला उभ्या गाड्यांचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. वाजवा किती वाजवायचा तो हॉर्न.

एका सिग्नलने हॉर्न ऐकून वाट दिली, दुसऱ्याने तोच हॉर्न ऐकून वाट अडवली. यंत्र दोन्हीकडे जवळपास सारखंच. फरक पडला तो आधी कोणीतरी घेतलेल्या निर्णयामुळे. सिग्नलने काय ओळखायचं आणि ओळखल्यावर कोणाच्या बाजूने वागायचं, हे खरं तर शहराने ठरवायचं असतं. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ या आपल्या शहरांत ते आजवर कोणी जाणीवपूर्वक ठरवलेलं दिसत नाही. आता ‘स्मार्ट’ सिग्नलांची भाषा सुरू झाली आहे, तेव्हा निविदेतल्या एखाद्या ओळीत ते परस्पर ठरून जाईल अशी मला भीती वाटते.

आपल्या भागातले बहुतेक सिग्नल ठरावीक सेकंदांचे. इकडे चाळीस, तिकडे तीस, पुन्हा इकडे चाळीस. हे सेकंद काढण्याचं एक जुनं सूत्र आहे, वेबस्टर नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने १९५८ साली मांडलेलं. प्रत्येक रस्त्यावर किती वाहनं येतात आणि दिवा बदलताना किती वेळ वाया जातो, यावरून एकूण खोळंबा कमीत कमी होईल असा फेरा, म्हणजे सगळ्या बाजूंची एकेक पाळी होण्याचा वेळ, ते काढून देतं. सूत्र चांगलं आहे, जगभर वापरलं जातं. पण मोजणी ज्या दिवशी झाली त्या दिवसापुरतंच ते खरं. नंतर पलीकडे नवी कॉलनी उठली, शाळा आली, भाजीबाजार हलला, तरी सिग्नल जुनाच हिशोब चालवत राहतो. पांझरा नदीकाठच्या फडांवर, म्हणजे सामायिक पाटाच्या शेतांवर, पाणी पाळीने सोडणारा पाटकरी बांधाबांधाने फिरतो, कोणाचं शेत भिजलं, कोणाचं अजून कोरडं आहे ते बघतो आणि मग बारं फिरवतो. ठरावीक सेकंदांचा सिग्नल म्हणजे उशाशी घड्याळ लावून घरी झोपलेला पाटकरी.

म्हणून रात्री साडेदहाला महामार्गावरच्या चौकात एखादा मोटारसायकलवाला रिकाम्या रस्त्याकडे पाहत पन्नास सेकंद उभा असतो. म्हणजे उभा नसतोच, तो केव्हाच निघून गेलेला असतो. त्याला आपण बेशिस्त म्हणतो. तो बेशिस्त आहेच, पण दिवा त्याला रोज रात्री हेच शिकवतो की लाल रंगाला काही अर्थ नाही. मग हाच धडा तो सकाळी नऊ वाजता शाळेच्या गर्दीत वापरतो.

यावर उपाय म्हणून जगाने सिग्नलला डोळे दिले. जुना आणि अजूनही सर्वांत जास्त वापरला जाणारा डोळा खरं तर रस्त्याच्या पोटात असतो. थांबरेषेपाशी डांबरात करवतीने चौकोनी खाच पाडतात, तिच्यात तारेचे तीन-चार वेढे घालतात आणि वरून खाच बुजवतात. त्या वेढ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज खेळवली जाते. वर मोटार आली की तिच्या पत्र्यात उलटे प्रवाह फिरू लागतात, वेढ्याचं चुंबकीय क्षेत्र थोडं दबतं आणि कडेच्या पेटीतल्या यंत्राला कळतं की कोणीतरी आलं. पुष्कळांना वाटतं सिग्नल वजनावर चालतो. पूर्वी तशा दाबाच्या पट्ट्या होत्याही, पण या तारेला वजनाशी काही घेणंदेणं नाही. तिला हवा असतो वीज वाहून नेणारा धातू, तोही जमिनीजवळ आणि पसरट.

इथून पक्षपात सुरू होतो. मोटार त्या तारेला स्वच्छ दिसते. मोटारसायकल अंधुक दिसते आणि चाक नेमकं तारेवर उभं असेल तर बरी दिसते. सायकलची ॲल्युमिनियमची रिम तारेवर आली तर ओळखली जाते, चौकोनाच्या मधोमध उभी राहिली तर बहुधा नाही. उंच चासीच्या ट्रकचा पुढचा भाग लागतो, मधला सुटतो. कापूस भरलेल्या ट्रॉलीचं तेच: ट्रॅक्टर पुढे गेला की तारेला वाटतं रस्ता मोकळा झाला, मागची ट्रॉली अजून निम्मी चौकात. लाकडी बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव कधी लागते, कधी नाही. बैल तिला दिसत नाहीत, गाडीवान तर मुळीच नाही. आणि पायी चालणारं माणूस, अंगावर कितीही दागिने घालून आलं तरी, तिच्या हिशोबी अस्तित्वातच नाही.

यात तारेचा दोष नाही. नेदरलँड्समध्ये सायकलींसाठी वेगळ्या आकाराचे वेढे टाकतात आणि ते नीट चालतात. तिथल्या काही शहरांत तर पाऊस आला की सायकलवाल्यांना लवकर हिरवा मिळावा म्हणून सिग्नलला पाऊस ओळखणारं यंत्र जोडलेलं आहे. तिथल्या लोकांनी ठरवलं की भिजणाऱ्याने कमी थांबावं आणि काचा बंद करून बसलेल्याने थोडं जास्त. आपल्याकडे भिजण्यापेक्षा भाजण्याचा प्रश्न मोठा. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो. दुपारी दोन वाजता डोक्याला रुमाल गुंडाळून, मागे लेकरू घेऊन लाल दिव्याला उभं राहणं ही शिक्षा आहे. नागपुरात उन्हाळ्यात चौकांत हिरव्या जाळ्यांचे मांडव घातले जातात, ते चांगलंच. पण मांडव घालण्याआधी दुपारी एक ते चार एवढ्या वेळापुरता फेरा छोटा करता येतो, आणि त्याला मांडवाचा एक बांबूही लागत नाही. एका दिवसासाठी वेगवेगळ्या वेळांची वेगवेगळी वेळापत्रकं ठेवण्याची सोय आजच्या साध्या नियंत्रक पेट्यांतही असते. ती वापरायची, तर खान्देशात मे महिना नावाचं काही असतं याची दखल आधी कोणीतरी घ्यायला हवी.

तारेचा वेढा आपल्याकडे फारसा टिकेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे रस्ता झाला की महिन्याभरात तो खोदण्याची परवानगी निघते. पाण्याची पाइपलाइन, भुयारी गटार, गॅस, इंटरनेटची केबल. प्रत्येक चर तारेला तोडणार. तार तुटली की यंत्र सुरक्षिततेच्या बाजूने वागतं, म्हणजे ‘तिथे कायम कोणीतरी उभं आहे’ असं धरून चालतं, नाहीतर त्या रस्त्यावरचा माणूस जन्मभर थांबून राहील. परिणाम असा की रिकाम्या आडरस्त्याला प्रत्येक फेऱ्यात हिरवा मिळतो आणि महामार्गावरच्या गाड्या कोणासाठी थांबल्या आहेत हे कोणालाच कळत नाही. लोक म्हणतात, लाखो रुपये घातले आणि सिग्नल आधीपेक्षा येडा झाला. त्यांचं काही चुकत नाही.

दुसरी अडचण आपल्या उभं राहण्याच्या पद्धतीची. वेढा थांबरेषेच्या मागे असतो आणि आपण थांबतो रेषेच्या पुढे, झेब्रा पट्ट्यांवर, पुढचं चाक चौकात घालून. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त घाई तो नेमका सिग्नलच्या नजरेबाहेर जाऊन उभा राहतो. यात काव्यात्म न्याय आहे खरा, पण मागे कोणी नसेल तर तो तिथेच उभा राहणार आणि दोन मिनिटांनी निघून जाणार.

म्हणून आता सगळे कॅमेऱ्याकडे वळले आहेत. खांबावरचा कॅमेरा रस्त्याचं चित्र घेतो, संगणक त्या चित्रावर आखलेल्या चौकोनांत वाहन आहे की नाही ते पाहतो. रस्ता खोदला तरी कॅमेरा शाबूत राहतो, रांग किती लांब आहे ते मोजतो, आणि शिकवलं तर माणूस, सायकल, रिक्षा वेगवेगळी ओळखतो. ‘शिकवलं तर’ हे शब्द महत्त्वाचे. ज्या चित्रांवरून संगणक शिकला त्यांत काळ्यापिवळ्या रिक्षा, उसाच्या मोळ्या, केळीचे घड लादलेला टेम्पो, डोक्यावर भारा घेतलेली बाई नसेल, तर या गोष्टी त्याला ओळखू येणार नाहीत किंवा भलतंच काहीतरी वाटतील. संध्याकाळची लांब सावली, समोरून मारलेला अप्पर, फेब्रुवारी-मार्चमधली धूळ, पहिल्या पावसाचे थेंब, हे सगळं कॅमेऱ्याला फसवतं. रडार धूळ आणि पाऊस सहज पचवतं, पण साधं रडार हालचालीवर चालतं आणि निवांत उभ्या असलेल्या गाडीला विसरतं. अंगाची ऊब ओळखून पादचारी शोधणारी यंत्रंही आहेत. ती अवतीभवतीच्या तापमानातला आणि शरीराच्या तापमानातला फरक पाहतात. थंड देशात माणूस त्यांना रस्त्यावर उजळून दिसतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी डांबरच अंगापेक्षा कितीतरी गरम असतं, आणि सकाळी तापताना व संध्याकाळी निवताना अशी वेळ येते की दोघांत फरकच उरत नाही. लंडनला चालतं म्हणून वरणगावला चालेल असं धरून चालू नये.

पण डोळे कसलेही असोत, पुढचा प्रश्न हिशोबाचा आहे, आणि तिथे माझी खरी तक्रार आहे. वाहतूक अभियंते रस्त्यावरची गर्दी ‘मोटारींत’ मोजतात. एक मोटार म्हणजे एक. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९९० च्या कोष्टकात शहरी रस्त्यावर बस किंवा ट्रक म्हणजे २.२ ते ३.७ मोटारी, दुचाकी अर्धी ते पाऊण, सायकल साधारण अर्धी. रस्त्याची जागा कोण किती व्यापतं हे काढायला हा हिशोब योग्य आहे. पण त्याच हिशोबाने हिरव्याचे सेकंद वाटले की अर्थ बदलतो. चोपडा-जळगाव एस.टी.त साठ माणसं कोंबलेली असली तरी तिचा मान तीन-साडेतीन मोटारींचा, आणि एकेकटे साहेब बसलेल्या चार मोटारी तिच्यापेक्षा भारी. पादचाऱ्याचा तर या कोष्टकात रकानाच नाही. खोळंबा कमी करायचा तो वाहनांचा, असं एकदा धरलं की रस्ता ओलांडणारा माणूस हा खोळंब्याचं एक कारण ठरतो.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतले ३२,८२५ पायी चालणारे होते. केंद्र सरकारचाच आकडा आहे हा. दुचाकीवाले याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे रस्त्यावर मरणाऱ्यांत बहुसंख्य तेच, जे तारेला अंधुक दिसतात किंवा दिसतच नाहीत.

जळगावचंच घ्या. जुना सहा क्रमांकाचा, आताचा ५३ क्रमांकाचा महामार्ग शहराच्या पोटातून जातो. एका बाजूला बाजारपेठ आणि स्टेशन, दुसऱ्या बाजूला कॉलन्या. महामार्गाला समांतर रस्ते करा म्हणून जळगावकरांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, ती हौस म्हणून नव्हे. अशा रस्त्यावरच्या सिग्नलला पादचाऱ्यासाठी किती सेकंद लागतील याचं गणित शाळकरी पोराला येईल. चौपदरी रस्त्याची रुंदी १६ मीटर धरू. अभियंते चालण्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे तेरा-चौदा सेकंद. पण हा धडधाकट माणसाचा वेग. गुडघे दुखणारी आजी सेकंदाला ०.८ मीटर चालली तर तिला वीस सेकंद हवेत. अमेरिकेने २००९ मध्ये आपल्या नियमपुस्तकातला वेग कमी केला तो म्हाताऱ्यांचा विचार करूनच. सिंगापूरने त्याच वर्षी एक युक्ती काढली. ज्येष्ठ नागरिकाने आपलं कार्ड खांबावरच्या यंत्राला लावलं की हिरव्या माणसाचा वेळ ३ ते १३ सेकंदांनी वाढतो. ब्रिटनमध्ये तर पादचारी अजून पट्ट्यांवर आहे का हे खांबावरचं यंत्र पाहतं आणि तो पलीकडे पोचेपर्यंत गाड्यांना लाल ठेवतं. तंत्रज्ञान तेच, फक्त ते कोणाकडे तोंड करून बसवायचं याची निवड वेगळी.

बटण दाबा आणि थांबा, हा प्रकार मात्र मला फारसा पटत नाही. न्यूयॉर्कमध्ये पादचाऱ्यांची बहुतांश बटणं कित्येक वर्षं बंद होती आणि लोक ती भाबडेपणाने दाबत होते, हे २००४ मध्ये तिथल्या वर्तमानपत्राने उघड केलं. आपल्याकडे तर बटण शाबूत राहील याचीच खात्री नाही. शिवाय जिथे दिवसभर माणसं ओलांडत असतात तिथे पायी चालणाऱ्याने अर्ज करून वेळ का मागायचा? मोटारीला कोणी बटण दाबायला लावत नाही. बाजारपेठेतल्या चौकांत पादचाऱ्यांची पाळी प्रत्येक फेऱ्यात आपोआप यायला हवी. बटण किंवा कॅमेरा शोभतो तो गावाबाहेरच्या चौफुलीवर, जिथे तासाभरात चार माणसं उतरतात.

आणि ज्याला दिवाच दिसत नाही, त्याचं काय? दृष्टिहीनांसाठी सिग्नलला आवाजाची सोय करावी, असं १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याच्या ४५ व्या कलमातच लिहिलेलं होतं. त्यानंतर तीस वर्षं गेली. आपल्या भागातल्या चौकांत हॉर्नखेरीज दुसरा आवाज ऐकल्याचं मला आठवत नाही.

हे वाचून मी यंत्रांच्या विरोधात आहे असं कोणाला वाटेल. उलट माझं म्हणणं असं की ओळखणाऱ्या सिग्नलांची गरज मुंबईपेक्षा आपल्याला जास्त आहे. मुंबईतल्या तुंबलेल्या चौकात चारही बाजूंना गाड्या कायम उभ्याच. सिग्नल कितीही हुशार असो, प्रत्येक बाजू आपल्या कमाल मर्यादेपर्यंत हिरवा खाते आणि शेवटी तो ठरावीक सेकंदांचाच सिग्नल होऊन बसतो. हुशारीला वाव असतो तो वाहतूक कमीजास्त होते तिथे. आपल्याकडे ती तशीच होते. आठवडे बाजाराचा दिवस, कापसाचा हंगाम, लग्नसराई, सकाळी कॉलेजची वेळ, आणि रात्री नऊनंतर सामसूम. सिग्नलांचं असं स्वदेशी तंत्रज्ञान सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेने तयार केलेलं आहे, लेन न पाळणारी आपली मिश्र वाहतूक डोळ्यांसमोर ठेवून. तेव्हा परदेशी पेटीच हवी असंही नाही.

महामार्गावर तर ओळखणारा सिग्नल जीव वाचवू शकतो, आणि याची चर्चा कोणी करत नाही. ताशी ६० किलोमीटरने येणारा ट्रक सेकंदाला साडेसोळा मीटर जातो. पिवळा दिवा तीन सेकंदांचा, म्हणजे ट्रक तेवढ्यात पन्नास मीटर जाणार. रावेरहून केळी भरून निघालेला तोच ट्रक नीट थांबवायला चालकाचा विचाराचा सेकंद धरून ८० मीटर तरी हवेत. म्हणजे पन्नास ते ऐंशी मीटरच्या पट्ट्यात असताना पिवळा लागला तर तो पुढे निघून जाऊ शकत नाही आणि थांबूही शकत नाही. त्याने कचकन ब्रेक मारला तर मागचा धडकणार, न मारला तर आडरस्त्यावरून हिरवा बघून निघालेल्या स्कूटीला उडवणार. आपण दुसऱ्या दिवशी ‘भरधाव ट्रकने’ असं छापतो. उपाय जुना आहे. चौकाच्या शंभरेक मीटर आधी एक डोळा बसवायचा. अवजड गाडी त्या पट्ट्यात असेल तर हिरवा दोन-तीन सेकंद वाढवायचा, किंवा चारही बाजूंना लाल थोडा जास्त ठेवायचा. एवढ्याशा तरतुदीबद्दल आपल्या निविदांत कधी एक ओळ असते का, हे कोणीतरी माहितीच्या अधिकारात विचारावं.

निविदांत असतो तो वेगळा कॅमेरा, नंबरप्लेट वाचणारा. त्याला माझा विरोध नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घालून अशा यंत्रांना पाया दिला, आणि ती जिथे बसवायची त्या शहरांच्या यादीत स्वच्छ हवा कार्यक्रमातली शहरं घेतली. जळगाव त्यांत आहे. लाल तोडणाऱ्याला दंड झालाच पाहिजे. पण खांब तोच, वीज तीच, खर्च बहुतेक तोच, आणि त्या डोळ्याला दिसते फक्त पाटी. चौक ओलांडायला ताटकळलेली बाई त्याच्या समोरून शंभरदा गेली तरी त्याच्या लेखी काही घडत नाही. एखाद्या चौकात आपण दंड वसूल करण्यापुरता डोळा उघडतो आणि पाळी देण्यापुरता मिटतो, तेव्हा लोकांना ती यंत्रणा आपली वाटत नाही. शिवाय जळगावात धुराचा प्रश्न आहेच. रिकाम्या रस्त्यापुढे इंजिन सुरू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांचा धूर त्याच कार्यक्रमाच्या हिशोबात धरायला हवा.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो, कारण पहिला गोंधळ तिथेच होणार. आपल्याला उलटे मोजणारे आकडे फार आवडतात. ३०, २९, २८... तीनवर आलं की गिअर, दोनवर क्लच, एकवर आपण चौकाच्या मध्यभागी. खरोखर ओळखणाऱ्या सिग्नलला हे आकडे नीट दाखवता येत नाहीत. हिरवा अजून किती चालेल हे समोरून कोण येतं यावर ठरत असतं, त्यामुळे आकडा आधी माहीतच नसतो. आकडा २० वरून एकदम ३ वर उडाला की लोक म्हणणार, सिग्नल बिघडला, आणि नगरसेवकाला फोन जाणार. तेव्हा एक तर आकडे काढावे लागतील किंवा फक्त शेवटच्या काही सेकंदांचे दाखवावे लागतील. हे लोकांना आधीच सांगितलं नाही तर चांगली यंत्रणा महिन्याभरात बंद पडेल आणि पुन्हा पिवळा लुकलुकत राहील.

‘सिग्नल चालू शे, पन थांबस कोन?’ हा आपल्याकडचा हमखास प्रश्न. आधी लोकांना शिस्त लावा, मग यंत्रं आणा. याला थोडाफार आधार आहे. काही जण कशालाच जुमानत नाहीत आणि त्यांच्यासाठी पोलीस आणि दंड हाच इलाज. पण अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबवलं की पायी चालणाऱ्याचा धीर सुटतो, हे जगात सगळीकडे दिसतं. त्यासाठी खान्देशी असावं लागत नाही. पाळी येणार याची खात्री असेल तर माणूस थांबतो. रेशनच्या दुकानापुढे आपलेच लोक दोन-दोन तास रांगेत उभे राहिलेले आहेत.

कोणी म्हणतात, चौकातला हवालदारच बरा. त्याच्यासारखा डोळा नाही हे मलाही मान्य. ॲम्ब्युलन्स त्याला दुरून कळते, शाळेची पोरं दिसतात, बैलगाडी आणि गाडीवान दोन्ही दिसतात. फक्त त्याने कोणाला किती वेळ दिला याची कुठे नोंद राहत नाही. साहेबांचा ताफा यायचा असला की त्याच्या हिरव्याला कमाल मर्यादाच नसते. आणि ४५ अंशांत आठ तास तो हे काम करू शकत नाही, त्याच्याकडून ते करून घेऊही नये. आणखी एक मत असं की छोट्या चौकांना सिग्नल लागतच नाही, नीट बांधलेला गोल पुरतो. हे तर मी दोन्ही हात वर करून मान्य करीन. सिग्नल कुठे बसवावा याचे निकष इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८५ च्या मार्गदर्शिकेत आहेत: वाहनांची किमान संख्या, पादचाऱ्यांची संख्या, अपघातांची नोंद. वॉर्डात सिग्नल आला म्हणजे विकास आला, हा निकष त्यांत नाही.

खरी गोम जबाबदारीची आहे. चौक एक, मालक तीन. रस्ता महामार्गवाल्यांचा, खांब आणि विजेचं बिल महापालिकेचं, पेटीची किल्ली वाहतूक पोलिसांकडे. दिवा बंद पडला की हे तिघे एकमेकांकडे बोट दाखवतात. दिवा चालू असून त्याचे सेकंद चुकले असले, तर कोणी कोणाकडे बोटही दाखवत नाही, कारण सेकंद चुकणं ही कोणाच्याच दप्तरी तक्रार नाही. जिल्हा रस्ता सुरक्षा समिती नावाची एक बैठक असते, तिथे हे तिघेही एका टेबलाला असतात. तिथे प्रत्येक सिग्नलच्या वेळापत्रकाला एक धनी नेमून द्यावा. वर्षातून एकदा मोजणी करून सेकंद बदलावेत, आणि त्या मोजणीत माणसं मोजावीत, नुसत्या मोटारी नाहीत. प्रत्येक चौकाचे सेकंद महापालिकेच्या संकेतस्थळावर टाकावेत: फेरा किती, पादचाऱ्याला किती, उन्हाळ्याच्या दुपारी किती, रात्री किती. नव्या यंत्राची निविदा निघेल तेव्हा तिच्यात तीन प्रश्नांची उत्तरं मागावीत. पायी चालणारा आणि सायकलवाला या यंत्राला दिसतो का? उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात, त्याची चाचणी कुठे झाली? आणि यंत्राचा डोळा गेला तर चौकात काय होणार, व तो किती दिवसांत दुरुस्त होणार?

नवी यंत्रं येतील तेव्हा येतील. बाजारपेठेतल्या चौकांत पादचाऱ्यांना वीस सेकंद द्यायला मात्र कॅमेरा लागत नाही, रडार लागत नाही, निविदाही लागत नाही. पेटीची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला एका चौकासाठी फार तर अर्धा तास लागेल.